मुदितेचा सराव

२१ जुलै २०२४, आषाढी पौर्णिमा

आजपासून वर्षावास. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज दिवेलागणीला आमच्या विहारात ग्रंथवाचन होणार आणि वाचक म्हणून मीच बसणार. हे अकरावं वर्ष. शिरड शहापुरात बी.ए. झालेली माणसं आता बरीच आहेत, पण माईकसमोर ज्याला घाम फुटत नाही असा मी एकटाच.

भंतेजी म्हणाले, तीन महिन्यांसाठी प्रत्येकाने एकेक नेम धरा. कोणी तंबाखू सोडली. रविंद्रने पहाटे पाचला उठायचा नेम धरला. म्हशीमुळे तो तसाही पाचलाच उठतो. मी म्हटलं, मी दैनंदिनी लिहीन. भंतेजी हसले. "लिहा उपासक, पण खरं लिहा. खोटं न बोलण्याचं शील वहीलाही लागू असतं."

म्हणून ही वही. खताच्या दुकानदाराने दिलेली गेल्या सालची डायरी आहे.

रविंद्र म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र. घराला घर लागून, बांधाला बांध लागून. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तो सातवीत सुटला, मी पुढे गेलो. त्याला शेत साडेचार एकर, मला साडेचार एकर. माझ्याकडे नाही आणि त्याच्याकडे आहे, असं म्हशीशिवाय काही नाही. हे आज पहिल्यांदाच लिहून काढलं आणि लिहिताना बरं वाटलं.

२४ जुलै

ट्रॅक्टरच्या सरकारी सोडतीचे अर्ज भरले. आधी रविंद्रचा, मग माझा, दोन्ही माझ्याच मोबाईलवरून. रविंद्रकडे बटणांचा फोन. त्याचा ओटीपी त्याच्या फोनवर यायचा आणि आमच्या आळीत त्याच्या फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली. तो टाकीखालून आकडे ओरडायचा, मी ओट्यावरून दाबायचो. चार वेळा वेळ संपली. पाचव्या वेळी अर्धी आळी मध्ये उभी राहून आकडे पुढे ओरडत होती.

मला ट्रॅक्टर कशाला हवा, याचं उत्तर एकाच शब्दात आहे: उकंडराव. गावात भाड्याने मिळणारा ट्रॅक्टर त्याचा. पेरणीच्या दिवसांत त्याच्या ओट्यापुढे जाऊन उभं राहायचं आणि तो आतून विचारणार, "कोन हाय?" कोण आहे ते त्याला चांगलं दिसत असतं. यंदा मी तीन दिवस उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्याने ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात पाठवला आणि मला चहा पाजला.

माझं नाव लागलं की ट्रॅक्टर कुठे उभा करायचा तेसुद्धा ठरलंय. लिंबाखालची जागा आजच झाडून घेतली. राणी म्हणाली, "आवो, अजून नाव लागायचं हाय." बायकोला दूरचं दिसत नाही.

६ ऑगस्ट

आज वाचनात चार गोष्टी आल्या: मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. मी सांगितलं की मुदिता म्हणजे दुसऱ्याचं भलं झालेलं बघून आपल्याला आनंद होणं. एवढ्यावर मी पुढे गेलो असतो, पण पहिल्या रांगेत कमलबाई बसतात. वय ऐंशीच्या पुढे, दात चार, प्रश्न रोजचे.

"करुना समजली बाबा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दुखात रडाला येतंच. न्हाई आलं तर पदर हाय. पन दुसऱ्याचं चांगलं झालं तर तोंडानं म्हनाचं काय?"

मी म्हटलं, अभिनंदन म्हणायचं.

"ते बॅनरवर असतंय. त्याच्यावर गावातल्या समद्यांचे फोटो असतेत, ज्याचं चांगलं झालं त्याचाच बारका असतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "नशीब काढलं म्हनावं." त्यावर बायकांतून राणी म्हणाली, "त्याच्यात जळल्याचा वास येतो." रविंद्र म्हणाला, "निसतं 'बरं झालं' म्हनलं तर?" कमलबाई म्हणाल्या, "ते तर आपुन कुनी पडल्यावर म्हनतो." मग कोणी 'मुबारक' सुचवलं, कोणी 'मजा हाय बा तुमची' सुचवलं. एकूण गंमत अशी निघाली की दुसऱ्याच्या सुखाला लावायचे आमच्याकडे पुष्कळ शब्द आहेत, पण प्रत्येकाच्या शेपटीला काटा आहे.

शेवटी मीच निकाल दिला. म्हटलं, आपल्याकडे शब्द आहे: साधू. तीन वेळा म्हणायचा.

"ते चांगलं काम करनाऱ्याला म्हनतेत," कमलबाई म्हणाल्या. "ज्याला आयतं भेटलं त्याला काहून?"

मी म्हटलं, "दोघांनाही चालतं. नियम सोपा आहे. ज्याचं भलं झालं त्याच्याकडे तोंड करायचं आणि मनापासून म्हणायचं."

मग मुदितेवर पाऊण तास बोललो. स्वतःचंच बोलणं ऐकून मला भरून आलं. रविंद्र सारखा मान डोलावत होता. निघताना म्हणाला, "आजचं लई आवडलं बघ." मला वाटतं अकरा वर्षांतलं हे माझं सगळ्यात चांगलं बोलणं असावं.

२१ ऑगस्ट

खरं लिहायचं ठरलंय, म्हणून लिहितो. आज मी खोटं बोललो.

दुपारी रविंद्र आला. अंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी आणि पिशवीत मिठाईच्या दुकानाचा खोका. खोका कशाचा विचारलं तर म्हणाला, "पावणे येनार हायेत." खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "बघ की रे, काय आलंय."

त्याची दीक्षा अकरावी सायन्सला आहे, इंग्रजी घडाघडा वाचते, आणि आज सुट्टी असल्याने घरीच होती. तरी हा मेसेज वाचून घ्यायला माझ्याकडे आला. पोरीपेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. ते आठवलं की आणखी लाज वाटते.

मेसेज असा होता की ट्रॅक्टरसाठी आपली निवड झाली आहे. एकतीस तारखेपर्यंत कागदपत्रं अपलोड करा, नाहीतर निवड रद्द होईल.

मी तो दोनदा वाचला. मग माझा फोन पाहिला. माझ्या फोनवर राणीच्या भावाने पाठवलेल्या फुलाच्या चित्राशिवाय काही नव्हतं. फोन बंद करून चालू केला. फूलच होतं.

"काय म्हनतेत?" रविंद्रने विचारलं.

"मोबाईल कंपनीचा हाय," मी म्हटलं. "गाणं लावा म्हनतेत. महिन्याला तीस रुपये."

कुठून आलं ते गाणं, मला ठाऊक नाही. रविंद्र जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असं व्हय. मंग लावू का गाणं?"

"नको. पैसे कापतात."

"आनखीन एकदा बघ बरं."

मी आणखी एकदा बघितलं. "गाणंच हाय."

"बरं," म्हणून तो उठला आणि पिशवी घेऊन गेला. संध्याकाळच्या वाचनाला मी घसा बसल्याचं सांगितलं. म्हणजे आज दोनदा खोटं झालं.

२२ ऑगस्ट

रविंद्र दिवसभर दिसला नाही. औंढ्याला गेला होता म्हणे, तलाठ्याकडे काही काम होतं. मला बरं वाटलं.

त्याचे पाहुणे काही आले नाहीत. त्याच्या बायकोने, मिरावहिनीने, खोका फोडून पेढे आळीतल्या लेकरांना वाटले. आमच्याकडेही दोन आले. राणीने विचारलं कशाचे, तर वहिनी म्हणाली, "असेच. खराब व्हतेत म्हनून." माझ्या वाट्याचाही मी राणीलाच देऊन टाकला.

२३ ऑगस्ट

विचार केला की दुखणं माझं आहे तर औषधही मीच घेतलं पाहिजे. मुदिता एकदम मोठी जमत नसेल तर लहानापासून सुरू करावी.

सकाळी कमलबाईंच्या घरी गेलो. त्यांची निराधार योजनेची पेन्शन दोन वर्षं अडकली होती, ती परवा सुरू झाली. त्यांच्याकडे तोंड करून तीनदा साधू म्हणालो. अगदी सहज निघालं. आनंदही झाला. येताना कारण लक्षात आलं: मला पेन्शन नको आहे. आपल्याला जे नको, ते दुसऱ्याला मिळालं की आनंद व्हायला काहीच तकलीफ पडत नाही.

म्हणून संध्याकाळी जरा कठीण गिऱ्हाईक घेतलं. उकंडरावने घरावर नवा स्लॅब टाकलाय. त्याच्या ओट्यापुढे उभा राहिलो. आतून आवाज आला, "कोन हाय?" मी म्हटलं, "साधू, साधू, साधू." तो बाहेर येऊन म्हणाला, "भिक्षा मागायला कधीपासून लागलास?" समजावून सांगितलं की त्याचा स्लॅब बघून मला आनंद झाला आहे. त्याने डोळे बारीक केले. "काहून? काय पायजे तुला?" काही नको म्हटल्यावर तर त्याचा संशय फारच वाढला. माझ्या मागे वाकून बघितलं, कोणी फोटो काढतंय का म्हणून.

२४ ऑगस्ट

वाचनात आज उपेक्षा होती, म्हणजे सुखदुःखात मन समतोल ठेवणं. ती संपल्यावर रविंद्रने हात वर केला. अकरा वर्षांत त्याने कधी प्रश्न विचारला नव्हता.

"समजा एकांद्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं ठाऊक हाय," तो म्हणाला, "पन त्याच्या तोंडातून निघून न्हाई राहिलं. त्याला ग्रंथात काही उपाव सांगितला का?"

माझ्या हातून चष्मा पडला. म्हटलं, असा विषय पुढच्या प्रकरणात येईल. पुढच्या प्रकरणात तो येत नाही, मी बघितलंय. रविंद्र म्हणाला, "काही घाई न्हाई. एकतीस तारखेच्या आत आला म्हंजे झालं." महिनाअखेरीस त्याला कुठे गावाला जायचं असेल.

२५ ऑगस्ट

रविंद्र ओट्यावर येऊन बसला आणि विचारलं, "कोटेशन म्हंजे काय रे?" मी म्हटलं, वस्तूची किंमत दुकानदाराने कागदावर लिहून देणं. "ते कुठं भेटतं?" म्हटलं, जिथे वस्तू विकत मिळते तिथे. त्याने मान हलवली. दीक्षाच्या अभ्यासात काहीतरी आलं असावं. आजकाल अकरावीलाही व्यवहारज्ञान शिकवतात, ही चांगली गोष्ट आहे.

२७ ऑगस्ट

आज मनात जे आलं ते लिहू की नको, असा प्रश्न पडला. लिहितोच.

मनात आलं की मी काही केलंच नाही तरी चालेल. आणखी चार दिवस गप्प बसायचं. एकतीस उलटली की निवड आपोआप रद्द होईल आणि कोणाला काही कळणार नाही. रविंद्रलाही नाही. तो पहिल्यासारखाच साडेचार एकरवाला राहील आणि मीही. त्याच्या दारात काही येणार नाही आणि माझ्याही नाही. बराबर.

हे माझ्या मनात चांगलं अर्धा तास राहिलं आणि त्या अर्ध्या तासात मला बरं वाटत होतं. ज्या माणसाने पाऊण तास मुदिता समजावून सांगितली, त्याच माणसाला. मी हलकट आहे. राणीने भाकरी पुढे ठेवली आणि म्हणाली, "तुमाला झालंय तरी काय? आठ दिवस झाले, घास घशाखाली उतरून न्हाई राहिला." मी म्हटलं, पित्त. तीसुद्धा माझ्याकडे रविंद्रसारखंच बघत राहिली. मग म्हणाली, "पित्त असं बसून बसून न्हाई जात. बाहीर काढावं लागतं."

२९ ऑगस्ट

आज ठरवून बांधावर गेलो. रविंद्र सोयाबीनमध्ये उभा होता. मला बघून काम टाकून लगबगीने आला.

"रविंद्र, तुला एक सांगायचं हाय."

"सांग."

"तुझ्या सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसतोय."

"दिसतो," तो म्हणाला. "आनखी काही?"

"न्हाई."

"बराबर आठवून बघ. आनखी काही असंल."

"फवारणी कर लवकर," म्हणून मी परत फिरलो. मागे वळून बघितलं तर तो दोन्ही हात कमरेवर ठेवून तसाच उभा होता. फवारणीची काळजी लागली असावी.

वाटेत एक युक्ती सुचली. उद्या त्याच्याकडून फोन मागायचा, मेसेज चाळायचे आणि एकदम ओरडायचं, "अरे, हे काय आलंय बघ!" जणू आजच आलं. म्हणजे त्याला ट्रॅक्टर मिळेल आणि मला तोंड राहील. मेसेजवर तारीख असते, पण ती त्याला कुठे वाचता येते? घरी येऊन आरशासमोर दोनदा ओरडून बघितलं. राणी धावत आली, पाल बघितली का विचारत.

३० ऑगस्ट

सकाळीच रविंद्रच्या घरी गेलो. सगळे घरात होते. दीक्षा अभ्यास करत होती, वहिनी शेंगा निवडत होती. मी रविंद्रला म्हटलं, तुझा फोन दे बरं. त्याने इतक्या पटकन दिला की जणू हातातच धरून बसला होता. मी मेसेज उघडला. ओरडायला तोंड उघडलं. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि माझ्याने होईना. आरशासमोर जमलं होतं, पण रविंद्रच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. मी फोन त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "ते गाणं नव्हतं रे."

"मंग काय व्हतं?"

"तुझं नाव लागलंय ट्रॅक्टरला. नऊ दिवस झाले. मी खोटं बोललो तुला. मला पायजे व्हतं ते. तुझ्या दारात आलेलं मला बघवलं नसतं म्हणून बोललो."

मला वाटलं आता हा मला हाकलून देणार, आणि चाळीस वर्षांची दोस्ती एका ट्रॅक्टरपायी गेली. रविंद्रने गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं, ते पुसणं काही लवकर संपेना. मग आत बघून म्हणाला, "दीक्षे, कागदं आन."

दीक्षाने प्लास्टिकची पिशवी आणली. उद्या शेवटची तारीख, कागद गोळा कसे करायचे म्हणून माझा जीव खालीवर होत होता, आणि बघतो तर सगळं लावून ठेवलेलं. आधार, पासबुक, आठ-अ. सातबारा बावीस ऑगस्टलाच काढलेला. दुकानाचं कोटेशनसुद्धा! मी म्हटलं, "बाबा, हे तू आधीच काढून ठेवलंस?" तो म्हणाला, "काढून ठिवलं. म्हनलं, लागंल कधी तरी." माणूस सातवीत सुटला, पण दूरदृष्टी म्हणावी ती ही. मी त्याला तसं म्हटलं तेव्हा दीक्षा वही तोंडापुढे धरून आत निघून गेली. पोरगी लाजाळू आहे.

कागद माझ्याच मोबाईलवरून अपलोड केले. ओटीपीला रविंद्र टाकीखाली पळाला आणि पहिल्याच फेरीत काम झालं. हिरवी खूण आली तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं. मी घरी जायला उठलो. त्याला साधू म्हणावं असं मनात होतं, पण इतकं सगळं करून ते कोणत्या तोंडाने म्हणायचं, म्हणून चपला शोधत होतो.

तेवढ्यात रविंद्रने माझे दोन्ही हात धरले. माझ्याकडे नीट तोंड केलं आणि म्हणाला, "साधू, साधू, साधू."

मला कळेना. नाव लागलं त्याचं, ट्रॅक्टर येणार त्याच्या दारात, आणि हा म्हणतोय मला. पाऊण तास शिकवलेलं असं उलटं वापरलेलं बघून माझ्यातला वाचक गप्प बसेना. म्हटलं, "आरे, हे तू न्हाई म्हनायचं, मी म्हनायचं. ज्याचं भलं झालं त्याला म्हनायचं असतं."

"व्हय की," रविंद्र म्हणाला. "त्यालाच म्हनलो."

याला कितीदा समजवायचं! उद्या वाचनात हा मुद्दा परत घ्यावा लागणार. नियम काय असतो ते दाखवावं म्हणून मग मी त्याच्याकडे तोंड करून म्हणालो. पहिला साधू नीट निघाला, दुसरा घोगरा निघाला, आणि तिसऱ्याला मला असं रडू फुटलं की ज्याला ट्रॅक्टर मिळाला तो माणूस माझी पाठ चोळत बसला.